रंगाची बादली

मानखुर्दला आमच्या इमारतीत
दुपार होत नाही.
सकाळी ट्यूबलाइट लावायची, रात्री बंद करायची,
मधे जे असतं त्याला दिवस म्हणायचं.
खिडकी उघडली की समोरच्या पोन्नम्माच्या इडलीची वाफ
सरळ आमच्या मांडणीवर.
हात लांब केला तर मीठ मागता येतं,
आणि मागतोही.

मन्मथला छातीचं निघालं तेव्हा
डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहिल्या,
सहा महिने, एकही चुकवायची नाही,
आणि खाली, वेगळ्या ओळीत : ऊन. हवा.
मी चिठ्ठी घेऊन काउंटरवर गेले.
औषधवाला म्हणाला, हे शेवटचं आमच्याकडे येत नाही.
हसला. मीही हसले.
मग जिन्यात बसून राहिले थोडा वेळ.

नणंदेनं औशाहून अडुळशाची काडी आणली,
ओल्या फडक्यात गुंडाळून,
रात्रभर एसटीत मांडीवर धरून.
खरटमोल रंगाऱ्यानं बादली दिली,
काठाला पिस्ता रंग अजून चिकटलेला.
माती विकत आणली.
साठ रुपयांची माती!
मातीमोल म्हणतात ते कुठल्या गावात, कोण जाणे,
इथे तर पिशवीला गाठ मारून तोलून देतात.

काडीनं चार पानं काढली
आणि पिवळी पडली.
तिला कोण चिठ्ठी लिहिणार?

पॅसेजच्या टोकाला, खरटमोलांच्या दारात,
दहाला ऊन येतं, पावणेअकराला जातं.
बादली तिथे सरकवली.
तिथून नूरजहाँ आपांच्या जाळीपाशी, वीतभर तिरीप, पंधरा मिनिटं.
आपांनी शेजारी फुटक्या डब्यातला पुदिना आणून ठेवला.
मग कुणाचा लसूण, कुणाची कोरफड,
दुसरीतल्या पोरीचे शाळेसाठी भिजवलेले मूग.
गावाकडे पाण्याची पाळी असते
तशी आमच्या मजल्यावर उन्हाची पाळी लागली.
भांडणंही तशीच.
तुझ्या कोरफडीनं माझी पाच मिनिटं खाल्ली.

मार्गशीर्षात ऊन समोरच्या इमारतीमागे गेलं ते गेलंच.
मी चेअरमनकडे गेले, गच्चीच्या चावीसाठी.
गच्चीवर माणसांनी जायचं नाही, असा ठराव आहे.
मुलासाठी मागून झाली होती पूर्वी, दोनदा.
या वेळी म्हटलं, झाड न्यायचंय.
झाडाचा ठराव नव्हता.
त्यांनी वही उलटसुलट चाळली,
आणि चावी दिली.

लिफ्ट बंद. पाच मजले वर.
गोळ्यांना तेव्हा दोन महिने झाले होते.
मी उचलते म्हटलं, तर मन्मथनं बादली ओढून घेतली.
मी खाली उभी राहून ऐकत होते :
प्रत्येक मजल्यावर बादली टेकल्याचा आवाज,
मग खोकला, मग काहीच नाही,
मग पुन्हा चपला.
हळूहळू आवाज कमी झाले.
माघ संपता संपता एकदाच टेकते,
तेही बहुधा मोबाइल बघायला.

वर बसून राहतो. कुणी बादली पळवेल म्हणे.
अडुळसा कोण पळवतो?
मी विचारलं नाही.
परवा जेवायला उतरला तेव्हा
सवयीनं कपाळाला हात लावला.
चटका बसला.
काळजात लक्कन झालं, मग केस हुंगले.
ताप नव्हता. ऊन होतं.

अजून एक पानही उकळलेलं नाही मी.
कमरेएवढं वाढलंय,
चेअरमनच्या मिरच्या त्याच्या सावलीत आल्यात,
त्यावरून बोलणी खाते.
वरून खाडी दिसते, मन्मथ म्हणतो.
बारा वर्षं झाली इथे राहून, मी पाहिली नाही.
उद्या मण्यांची परात वर नेऊन बघते.
माळा ओवायला
उजेड लागतोच की.