नौतपा

दिल्लीची बस पहाटे खोकी टाकून जाते
तोवर नई सडकेचं डांबर गार असतं.
तेवढाच वेळ आपला.
सात वाजले की ऊन दुकानात पाय टाकतं
गिऱ्हाइकाच्या आधी.

देठ पाण्यात बुडवून कापायचा, तिरपा.
बादलीबाहेर कापला तर हवा आत शिरते
आणि फूल पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं.
खालची पानं काढायची. चिमूटभर साखर, लिंबाचे दोन थेंब.
जरबेराची मान प्लास्टिकच्या नळीत.
आणि पंखा कधीही थेट फुलांवर नाही, भिंतीवर.
भिंतीवरून जे परत येईल तेवढंच फुलांचं.
हे मी हरगोविंदला रोज सांगते
आणि तो रोज पंखा आपल्याकडे वळवून घेतो.

तीन वाजता इंगळे मास्तर यायचे, शेजारच्या दारातून.
कूलरसमोर स्टूल ओढायचे, पेपर उघडायचे.
खसाचा वास अंगात भरेपर्यंत बसायचे.
फुकट बसणं बरं दिसत नाही म्हणून
निशिगंधाची एक काडी घ्यायचे. पंधराची.
"बारा," म्हणायचे.
"ग्वाल्हेरात कसली राहतात फुलं, बाई,
इथे किल्ल्याचा दगड तडकतो."
बारालाच द्यायची मी.
संध्याकाळपर्यंत तिनं मान टाकलेली असणार,
त्यांनाही ठाऊक.

नौतपाच्या तिसऱ्या दिवशी आले नाहीत.
शेहेचाळीस होतं. वीज सकाळी गेली ती गेलीच,
आणि थाटीपूरच्या लग्नाचे तीनशे गुलाब
काचेच्या कपाटात श्वास धरून.
मी हजिऱ्याला बर्फाच्या कारखान्यात फोन लावला.
मुन्नालाल म्हणाला, एकच लादी उरलीय,
तिलाही दुसरीकडून मागणी आहे.
कुणाची?
"आपके बगल वाले मास्साब के लिए."

मुलगी विशाखापट्टणमहून निघालेली.
गाडी अकरा तास उशिरा.

लादी हातगाडीवरून आली, पोत्यात, भुसा चिकटलेली,
आणि दोन दारांच्या मध्ये थांबली.
गाडीवाला तिकडे बघेना, माझ्याकडे बघेना.
खाली थेंब थेंब पडत होतं,
पडेपर्यंत वाळत होतं.
मी करवत आणली.
मधोमध ठेवली. मग चार बोटं सरकवली
फुलांच्या बाजूला.

आत गेले तर भाच्यानं
इन्व्हर्टरचा पंखा त्यांच्या चेहऱ्यावर लावलेला.
"भिंतीकडे," मी म्हणाले,
आणि कुणी काही विचारायच्या आत हात चालू झाले.
खिडकीला ओलं गोणपाट.
बर्फ अंगाला भिडवू नका, मधे फडकं घाला.
मीठ टाकू नका, लवकर वितळेल.
दाराची उघडझाप नको, भेटणाऱ्यांनी एकदमच यावं.
दर दोन तासांनी परातीतलं पाणी काढा.
सगळं मला येत होतं.
येत होतं याची लाज वाटली,
तरी थांबले नाही.

रात्री गुलाबांच्या कडा काळ्या पडल्या.
बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सोलून काढता येतात,
आत लाल असतं. लग्नघरी कळत नाही.
साठ टाकले.
निशिगंधाची बादली रिकामी दिसली तेव्हा
हरगोविंदला काही विचारलं नाही,
त्याच्या बाह्या ओल्या होत्या.

ती आली सकाळी साडेनवाला,
हातात स्टेशनावरची पाण्याची बाटली.
तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला, झटकन काढला,
परत लावला.
दुपारी, सगळं आटोपल्यावर,
दुकानाच्या पायरीवर येऊन पर्स उघडली.
"बर्फाचे किती झाले?"

मला आकडा आठवेना.
"बारा," म्हणाले.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं,
मग दहाची नोट काढली आणि दोनचं नाणं.
घेतलं मी.