दुसरं टोक

पत्रात लिहिलं होतं : सोबत एक जण आणता येईल,
युनियनचा किंवा कामावरचा.
इझबेल रॅट्रीने मला विचारलं
ड्रायरच्या आवाजात, ओरडून,
म्हणून मी 'हो'सुद्धा ओरडूनच म्हटलं.

नियम रात्री तीनदा वाचला.
सोबत्याने बसावं. टिपणं घ्यावीत. कानात कुजबुजावं.
बाजूही मांडावी.
पण तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर
तिच्याऐवजी देऊ नये.

डंडीत त्या सकाळी टे नदीवरचं धुकं
हॉस्पिटलच्या धोबीखान्यापर्यंत आलं
आणि आमच्या वाफेत मिसळून गेलं.
वर, मीटिंगच्या खोलीत, सगळं कोरडं.
लॉकहार्टनी पाण्याचे तीन पेले मांडले होते.
आम्ही चौघं.

"रीतसर सांगितलेलं काम तुम्ही नाकारलंत. खरं आहे?"

खरं काय ते मला माहीत होतं.
नेटा सोडून गेली, तिचं मशीन इझबेलकडे आलं,
"दोन आठवडे फक्त."
ते दोन आठवडे चौदा महिने चालले.
मोठी चादर दोघींनी धरायची असते;
इझबेल एक टोक हनुवटीखाली दाबून
एकटीच घडी घालायला शिकली.
चट्टा पडलाय. कॉलरखाली. विचारा की.

मी पेन चावत बसले.

एच.आर.च्या मुलीने करारनाम्याचं पान पुढे सरकवलं :
"...आणि वेळोवेळी नेमून दिलेली इतर वाजवी कामे."
इतर.
केवढासा शब्द,
त्यात अख्खा सात नंबरचा वॉर्ड मावला,
मागाहून प्रसूतिगृहही.
'वाजवी'वर कुणी बोट ठेवलं नाही.

इझबेल म्हणाली, "हो. मी नाही म्हटलं."
एवढंच. मग पेल्याकडे बघत राहिली.
मी दहा मिनिटं मागून घेतली. तेवढं मागता येतं.

बाहेर जिन्यात ती म्हणाली,
"चुकलं का गं माझं?"
इथे मला कुणाची मनाई नव्हती.
तरी तोंडातून शब्द फुटेना,
कारण नेटाच्या मशीनचं आधी मला विचारलं होतं
आणि मी पाठदुखी पुढे केली होती.
पाठ तेव्हा दुखत नव्हती.

दार उघडलं. लॉकहार्टनी घड्याळ पाहिलं.
मी खुर्ची तिच्याकडे ओढली,
रात्री घोकून लिहिलेलं पान उलटं ठेवलं.
"बाजू मांडायची आहे," म्हटलं,
"सुरुवात माझ्यापासून करते."