आवाज आहे, ओढ नाही

जिनिंगच्या लिलावात लटारुजी उरकुड्यांनी
भंगाराच्या भावानं उचललं हे यंत्र.
नळकांड्यासारखं अंग, पितळी कडी,
पोटावरचं कंपनीचं नाव पुसून गेलेलं.
रुईचा भुसा पॅनलमध्ये शिरायचा,
एक ठिणगी पडली की गंजीच पेटायची,
म्हणून मालकानं पासष्ट साली बोलावलं होतं रेल्वेनं.
"चालू करून दे बाप्पा," म्हणाले,
"मीच चालवत होतो. अकरा हंगाम."

दारव्ह्याच्या माझ्या दुकानात विहिरीवरच्या मोटारी येतात,
काळ्या ठिक्कर, पोटात बेडकाची हाडं घेऊन.
त्या मी बोलता बोलता भरतो.
ही मात्र नाजूक. तार केसाएवढी,
आर्मेचरला बावीस खाचा,
चष्म्यावर चष्मा लावून वीस दिवस भरली.
वार्निश दिलं, उन्हात ठेवली,
नवे बेअरिंग, नवे कार्बन, पितळेला चिंच.

रविवारी बटन दाबलं.
काय गरजली!
समोरचा पानठेलेवाला उठून उभा राहिला.
तोंडाशी पेपरचा तुकडा धरला
तर तो नुसता मान हलवत राहिला,
लग्नात बळेच बसवलेल्या म्हाताऱ्यासारखा.
आणि आत, कम्युटेटरभोवती,
निळ्या ठिणग्यांचं कडं.

मग सुरू झालं माझं.
कार्बन बसले नसतील: काचकागद गुंडाळून घासले.
अभ्रक वर आलं असेल: करवतीच्या पात्यानं खाच खाच कोरली.
ग्राउलरवर धरली, पत्ती थरथरली नाही.
सिरीजचा बल्ब लावून पाहिला, गळती नाही.
रबर चिरलं असेल, पिशवी कोंदली असेल.
पिशवी उलटी केली तर मूठभर मळकी रुई पडली
आणि एक सरकी, अजून टणक.
शेवटी बोर्डाला शिव्या दिल्या.
रात्री सगळे पंप चालतात, व्होल्टेज कुठून येणार?
तर व्होल्टेज दोनशे अठ्ठावीस.
मीटरसुद्धा माझ्या बाजूनं बोलेना.

चेतना आयटीआयची पोरगी,
सहा महिन्यांसाठी आलेली, बोलते कमी.
तिनं शाफ्टच्या टोकाला खडूचा ठिपका दिला,
बटन दाबून लगेच सोडलं,
थांबता थांबता ठिपका कुठं जातो ते पाहिलं.
मग पंख्याची पाती बोटानं चाचपली.
"काका, उलटी फिरून राह्यली ही."

मी हसलो. तीस वर्षं झाली मला.
पण वही काढली.
पान माझंच, अक्षर माझंच,
फील्डची दोन टोकं बरोबर त्या चित्राप्रमाणं जोडलेली.
फक्त चित्र काढताना
मोटार टेबलावर पालथी होती.

उलटी फिरली तरी पंखा थोडं ओढतोच.
हेच तर वाईट.
अगदी बंद पडली असती
तर पहिल्या दिवशीच कळलं असतं.

दोन टोकं अदलाबदल केली, दहा मिनिटांचं काम.
पेपरचा तुकडा फट्कन आत गेला,
ठिणगी उरली मोहरीएवढी,
आवाजही खाली आला, कामाला लागल्यासारखा.

लटारुजींनी नळी हातात घेतली,
मोटारीकडं पाहिलंसुद्धा नाही.
कमरेत वाकले
आणि माझ्या दुकानाचा कोपरा, कधी कुणी न झाडलेला,
उभ्या पट्ट्यांनी साफ करत गेले,
वळणावर नळी उजव्या हातातून डाव्यात.
"काय झालं होतं रे?"
"कार्बन बसले नव्हते," मी म्हणालो.

चेतना तारेचं बंडल गुंडाळत होती.
एकदा वर पाहिलं. पुन्हा गुंडाळू लागली.

संध्याकाळी शटर ओढण्याआधी
वहीच्या त्या पानावर, सगळ्यात वर,
लाल पेनानं लिहिलं: मोटार पालथी.
खाली, जरा बारीक अक्षरात: चेतना.
सरकी खिळ्यांच्या डब्यात टाकली.
डबा हलवला की
तिचा आवाज वेगळा येतो.