नैर्ऋत्येचा ताण

एस्तेर वर चढते तेव्हा खाली दोर धरायला मी असतो.
रेडिओतलं मला काही कळत नाही.
मी सतारी करतो, मिरजेत, बापाच्याच दुकानात.
पण दोर धरणाऱ्यानं गप्पा मारायच्या नसतात
आणि वर बघणं सोडायचं नसतं,
एवढं तिच्या वडिलांनी शिकवलंय.

थिओफिल आवळे. मिशन हॉस्पिटलात एक्स-रेचं मशीन सांभाळायचे.
पन्नास फुटांचा हा टॉवर त्यांचाच:
कुपवाडच्या वर्कशॉपात वेल्डिंग केलेले पाच तुकडे,
एक रविवार, चर्च सुटल्यावर आठ माणसं, एक कप्पी,
आणि माझ्या अम्मीनं आणून दिलेला विहिरीचा दोर.
तो त्यांनी पिळून पाहिला, वास घेतला, परत दिला.
"बादलीला चालेल. माणसाला नाही."
अम्मी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

दर मे महिन्यात, वळवाच्या आधी, सगळं तपासायचं.
बोल्टांना ग्रीस. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ, कोळसा, चार घागरी पाणी.
केबलच्या सांध्यावरची टेप सोलून नवी.
अँटेनाच्या दांड्यात गुंतलेला कुणाचा तरी मांजा.
एका वर्षी वरून चमचा पडला,
कावळ्यानं घरट्यासाठी नेलेला,
आमच्याच घरचा.

आणि ताण. उत्तरेला, आग्नेयेला, नैर्ऋत्येला
जमिनीत गाडलेल्या काँक्रीटपर्यंत ताणलेल्या तारा.
आवळ्यांकडं त्यासाठी काटा होता.
मी म्हणालो, काटा कशाला? तारेला विचारा.
बुडाशी एक धक्का द्यायचा, तळहात ठेवायचा,
लाट वर जाते, टॉवरला शिवून परत येते.
किती वेळात आली, ते हाताला कळतं.

यंदा उत्तरेची आली. आग्नेयेची आली.
नैर्ऋत्येची वेळेवर आली, पण स्वच्छ आली नाही,
जवारी बिघडल्यासारखी शेवटाला किरकिरली.
एस्तेर पट्टा बांधून चढायला लागलेली.
मी म्हणालो, उतर.
"चाचा, काट्यावर बरोबर आहे."
मी पुन्हा म्हणालो, उतर.
माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

क्लॅम्प सोडवला. त्याच्या आत, जिथं नजर पोचत नाही,
सात पदरांतले चार गंजून तुटलेले.
उरलेले तीन, कुणाला न सांगता,
सगळं धरून उभे.

ती हातात पाना घेऊन बराच वेळ पायरीवर बसली.
मग म्हणाली, चहा टाकते.

लहान होती तेव्हा मी तिला विचारलं होतं,
वरच्या त्या तारेला छेडतं कोण?
"कुणीच नाही. लांब कुणीतरी बोलतं, ही आपोआप हलते."
म्हणजे तरफच की!
पडद्यांखाली मी अकरा-तेरा तारा लावतो,
वाजवणाऱ्याचं बोट ज्यांना सहसा लागत नाही,
शेजारचा सूर आला की बोलतात.
एवढंच होतं, तर आवळे मला वीस वर्षं
लांबी आणि मीटर कशाला सांगत बसले?

नवी तार बसली त्या रात्री मला खोलीत बोलावलं.
आवळ्यांचे कान गेलेत. ते स्पीकरच्या जाळीवर
दोन बोटं टेकवून बसले होते.
आखूड, लांब, आखूड, सगळं एकाच सुरात.
"पांढरी चार," मी म्हणालो.
एस्तेर हसली. "सातशेवर ठेवलंय, चाचा."
"काय म्हणतोय?"
"आपलं नीट ऐकू येतंय म्हणतोय. आणि बर्फ पडतंय."
"मे महिन्यात?"
"तिकडं पडतं."

आवळ्यांनी बोटं उचलली नाहीत.
"हात कापतोय त्याचा," म्हणाले,
"माझ्याच वयाचा असेल.
सावकाश पाठव, एस्तेर."