चौथी दुरुस्ती

मे महिन्यात कूलर लावला की कागद फुगतो,
बंद केला तर रंग
पुढचा हात फिरायच्या आत वाळतो.
म्हणून मी पहाटे तीनला बसते
नंदनवनातल्या या खोलीत.
कागदाच्या कोपऱ्यांवर दोन वाट्या, एक कुलूप,
चौथ्यावर माझं कोपर.

पुण्याहून मेल : संत्रं अजून केशरी हवं,
मुलांना ओळखू यायला पाहिजे.
मागच्या पुस्तकाचे पैसे प्रोसेसमध्ये आहेत.

कार्तिकात, कळमन्याच्या बाजारात
शेवंताबाई मेश्रामनं
एक हिरवट, खडबडीत फळ हातावर ठेवलं होतं :
"रंग काहून पाह्यतं बाई, वजन पाह्य."

तेव्हापासून वजन काढायला बघतेय.
फांदी किती वाकते,
देठाखाली सावली कुठं घट्ट होते.
सात कागद गेले.
आठव्यावर कोपर हललं, पाणी ओघळलं,
आणि फळ जड झालं.

साडेपाचला खाली पोह्याची गाडी लागते,
तर्रीचा वास जिना चढून येतो.
मी केशरी ट्यूब पिळते,
वरून एक पातळ हात देते,
त्यांच्यासाठी.
खालचा हिरवा
तसाच ठेवते.
कुणीतरी मूल
पान उजेडात धरेलच की.