लोड

"लोड किती?" कुडाळच्या रेडकरांनी विचारलं,
आणि मला आधी आठवला
बाबांच्या पाठीशी लावलेला,
एका कडेला कापूस गोळा झालेला लोड.

मग कळलं, ते विजेचं विचारतायत.
पंखे दोन. बल्ब चार. फ्रीज नको,
बांगडे एक दिवस मिठात राहतील.
टीव्हीचं आईला विचारून सांगते.
आणि एक हवेची गादी.

"गादी?" त्यांचं पेन थांबलं.

गादीला पंप असतो. दहा वॅटचा असेल, कमीच,
पण रात्रभर चालावा लागतो.
बंद पडला की गादी बसत जाते,
ओहोटीला होडी चिखलात बसते तशी,
आणि पहाटेपर्यंत बाबांच्या माकडहाडाला फळी लागते.
गेल्या वादळात अकरा दिवस
आई आणि मी दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवत होतो,
मोबाइलचा गजर लावून,
मोबाइल मेल्यावर अंदाजाने.

रेडकरांनी दोन बॅटऱ्या दाखवल्या.
एक ट्यूब्युलर, काळी, दोन माणसांनी उचलायची,
सारखं डिस्टिल्ड वॉटर मागणारी.
दुसरी लिथियम, भिंतीला टांगायची, देव्हाऱ्याएवढी;
तिची किंमत ऐकून मी पिशवी मांडीवर घेतली.
घर तळाशीलला म्हटल्यावर ते हसले.
"एकीकडे खाडी, एकीकडे दर्या,
तुमच्याकडे खिळासुद्धा दोन पावसाळे काढत नाही.
टर्मिनलला व्हॅसलीन लावत जा."
मी लिहून घेतलं. व्हॅसलीन.
घरात आहेच, बाबांच्या टाचांसाठी.

आई म्हणाली, स्वस्तातली घे.
भावाने पुण्याहून महागातली सुचवली
आणि पैशांचं पुढच्या महिन्यात बघू म्हणाला.
बाबांना कोणी विचारलं नाही.

तीस वर्षं या पट्ट्यातल्या खांबांवर चढलेला माणूस.
तारेवर झावळी पडली की पोरं आमच्याच अंगणात येऊन ओरडायची.
"लाईट येतली," एवढंच बोलून
ते पक्कड आणि दोरी घेऊन भिजत जायचे.
आणि यायची.
आम्ही कधी बॅटरी घेतली नाही.

रात्री मी माहितीपत्रकं त्यांच्या छातीवर पसरली.
अर्ध्या तोंडाने त्यांनी एकच विचारलं,
शब्द जुळायला वेळ लागला:
"उलटो... लायनीर... जावचो नाय मां?"

मला कळलं नाही. आईला कळलं.
तिचे हात तांदळाच्या सुपात थांबले.
"इनास," ती म्हणाली.

चिंदर फाट्याचा खांब. लाईन बंद होती,
बंद केल्याचा कागद इनासच्या खिशात होता,
आणि बर्फाच्या कारखान्यात कोणीतरी
मेन न पाडताच जनरेटर सुरू केला.
वीज कारखान्यातून रस्त्यावर आली. उलटी.
त्याला खाली उतरवला बाबांनी,
याच डाव्या हाताने धरून, जो आता
चादरीवर ठेवू तिथेच राहतो.

सकाळी रेडकरांना फोन केला.
वॉरंटी नाही, तास नाहीत, हप्ते नाहीत,
"बाहेरची लाईन बंद असताना माझी वीज बाहेर जाणार नाही ना?"
ते जरा गप्प झाले.
"हे कोणी विचारत नाही," म्हणाले. "माणूस पाठवतो. दाखवील."

त्याने मेन पाडला, बॅटरी चालू केली,
मीटरच्या बाजूला टेस्टर टेकवला.
मग बाबांचा पलंग खिडकीशी ओढून
पुन्हा टेकवला, त्यांना दिसेल असा.
न पेटलेल्या त्या इवल्याशा दिव्याकडे
बाबा किती तरी वेळ बघत होते.

ट्यूब्युलर घेतली. अर्धे रोख, बाकीचे सहा हप्ते.

आज साडेआठला गेली.
शेजारचे तीन मोबाइल आमच्या ओट्यावर चार्जिंगला,
चौथा वायर विसरून आलाय.
गादीचा पंप भरतो, थांबतो, भरतो.
बाबा जागे. खिडकीबाहेर,
जिथे खांब असायला हवा तिथल्या काळोखात बघत
म्हणाले, "कोण गेलो असतलो?"

नवा मुलगा आहे, कंत्राटावरचा.
"नाव काय त्येचा?"

मला माहीत नव्हतं.