दम

नियम छापील होते. छत्तीस तास,
संघात चौघं, विषय खेळाचा,
आणि नोंद ब्लॉकचेनवरच, म्हणजे एकदा लिहिली
की ब्रह्मदेवाच्या बापालाही खोडता यायची नाही.
कोड तपासायला पुण्याहून दोघे.
मी तिसरा. वेंगुर्ल्याचा जुना कबड्डी पंच,
खेळाचं कुणीतरी हवं म्हणून.

गुणपत्रिकेत नावीन्य तीस, उपयोग तीस,
कोड तीस, सादरीकरण दहा.
संशयाला रकाना नव्हता.

पॉलिटेक्निकच्या हॉलात पोरं फरशीवरच कलंडलेली,
वायरींत पाय, उशाला बॅगा,
बाहेर बर्फाच्या कारखान्याचा भोंगा.
कुणी क्रिकेटची तिकिटं साखळीत ओवलेली,
कुणी होड्यांच्या शर्यतीची वेळ.

मग शमिका खोबरेकर, मुझना सोलकर आणि आणखी दोघी.
गावच्या कबड्डीची गुणवही.
"काका, पंचाची चूक आम्ही पुसत नाही.
तिच्याखाली ओळ जोडतो : चुकलं.
दोन्ही राहतात."

मी उगाच चष्मा पुसला.

शिरोडा, सत्त्याऐंशी साल, पेट्रोमॅक्सचा उजेड.
बाबी केळुसकर चढाईहून परतला, बोटं मध्यरेषेवर,
दम शाबूत. मी ऐकला होता.
पण मैदान यजमानांचं, आणि ओरडाही त्यांचाच.
हात वर गेला माझा. बाद.
रात्री गुणलेखकाकडून वही मागून घेतली,
ब्लेडने आकडा खरवडायला गेलो, कागदच फाटला.
ते भोक अजून आहे.
बाबी नाही.

मुलींचं काम पोचलं पाच वाजून चार मिनिटांनी.
मुदत पाचची. पहाटे लाईट गेलेली, जनरेटर रुसलेला.
पुण्याचा एक म्हणाला, सोडून द्या, चारच मिनिटं.
दुसरा म्हणाला, नियम तो नियम.
मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

मी विचारलं, "दम तुटला होता का गं?"
मुझना म्हणाली, "लाईट गेली ते खरं, काका.
पण त्याआधी अर्धा तास आम्ही
नाव काय ठेवायचं यावर भांडत होतो."

बाद, मी म्हटलं.
तिने मान हलवली, जणू गुण मिळाला.

हॉल रिकामा झाल्यावर तिच्याच शेजारी बसलो.
लिही म्हटलं. शिरोडा. केळुसकर. बाद.
आता खाली जोड.
तिने जोडलं, आणि विचारलं, तारीख कुठली घालू?
मग स्वतःच हसली,
"ती आपोआप पडते, काका. आजची."

सदतीस वर्षं उशीर.
साखळीने मुकाट्याने घेतली ओळ.